डॉक्टर मेरियन सिम्स आणि माँटगोमेरीच्या दासी

मुंबईपुण्याच्या कोणत्याहि मोठ्या स्त्री-रुग्णालयांत तपासणीच्या खोलींतील तबकाकडे पाहिलें, तर त्यांत एक साधें पोलादी हत्यार हटकून आढळतें. मधें मूठ आणि दोन्ही टोकांस बोथट, पन्हळीसारखीं वळलेलीं दोन पातीं, एवढाच त्याचा थाट. डॉक्टर आणि परिचारिका त्यास 'सिम्सचें स्पेक्युलम' म्हणतात. दिवसांतून वीस वेळां तें नांव उच्चारतांना हा सिम्स कोण होता याचा विचार करण्यास कोणास सवड नसते. या हत्याराचा मूळ नमुना म्हणजे कथलाच्या एका चमच्याचा वाकविलेला दांडा. तो प्रथम वापरला गेला १८४५ सालीं अमेरिकेंतील आलाबामा संस्थानांत, आणि जिच्या देहावर तो वापरला ती बेट्सी नांवाची सतराअठरा वर्षांची एक गुलाम मुलगी होती. चमच्याची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासांत शेंकडों वेळां सांगितली गेली आहे. बेट्सीची गोष्ट मात्र फार दिवस कोणी सांगितली नाहीं. कारण ती सांगण्याचीं साधनें तिच्यापाशीं नव्हतीं, आणि ज्याच्यापाशीं होतीं त्यानें स्वतःचें चरित्र लिहिलें. त्याच चरित्राचा मुख्य आधार घेऊन, पण त्याच्या दोन ओळींमधील मोकळी जागाहि पाहत, हा सर्व प्रकार वाचकांपुढें मांडावा असा आमचा विचार आहे.

प्रथम रोगाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. विषय नाजूक असला तरी तो टाळून ही कथा समजणार नाहीं. बाळंतीण अडते तेव्हां मुलाचें डोकें कटिरांत घट्ट रुतून बसतें. त्याच्या पुढच्या बाजूस मातेचें जांघाड आणि दोहोंच्या मधें मूत्राशयाची पातळ भिंत, अशी स्थिति दोनदोन, तीनतीन दिवस राहिली म्हणजे चिरडलेल्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो व तो भाग मरतो. मूल बहुधा मृतच जन्मास येतें. माता वांचली तर कांहीं दिवसांनीं तो मेलेला भाग गळून पडतो आणि मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्यें कायमचें भोंक राहतें. यासच वैद्यकांत फिस्टुला म्हणतात. त्या दिवसापासून मूत्र रात्रंदिवस आपोआप झरत राहतें. कधीं मागील बाजूसहि असेंच भोंक पडून मलावरचा ताबा जातो. कातडी सोलून निघते, अंथरूण सुकत नाहीं, दुर्गंधीमुळें नवरा दूर होतो, शेजारपाजार तुटतो. या रोगानें लवकर मरण येत नाहीं, हीच त्यांतली खरी विटंबना आहे.

हा रोग बाळंतपणाइतकाच जुना आहे. ईजिप्तमध्यें मेंटुहोटेप राजाच्या दरबारांतील हेन्हेनित नांवाच्या एका स्त्रीचें सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचें प्रेत मसाल्यांत जपलेलें सांपडलें. १९३५ सालीं डेरी या शरीरशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां तिच्या देहांत हेंच भोंक दिसून आलें. अकराव्या शतकांतील इब्न सिना यानें आपल्या वैद्यकग्रंथांत अगदीं कोवळ्या वयांत लग्न झालेल्या मुलींना मूत्राशय फाटण्याचें भय असतें, आणि तें एकदां फाटलें म्हणजे मरेपर्यंत बरें होत नाहीं, असा इशारा देऊन ठेवला होता. १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादांत पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांनीं शास्त्रार्थाचे आणि सरकारच्या अधिकाराचे मुद्दे कसे घासूनपुसून लढविले, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या वादांत दहाबारा वर्षांच्या मुलीच्या हाडांचा विचार किती थोड्यांनीं केला तेंहि जुने अंक चाळणारास दिसून येईल. असो.

उपाय सुचला नव्हता असें नाहीं. आम्स्टरडॅमच्या हेंड्रिक व्हान रोनहाइझे यानें १६६३ सालीं छापलेल्या ग्रंथांत भोंकाच्या कडा खरवडून ताज्या कराव्या व त्या टांक्यांनीं जुळवाव्या, ही पद्धति स्पष्ट लिहिली आहे. टांक्यासाठीं त्यानें हंसपक्ष्याच्या पिसाच्या ताठ काड्या सुचविल्या. बाझलच्या फाटियो यानें ती पद्धति अमलांत आणली. पुढें अमेरिकेंतहि व्हर्जिनियांतील मेटॉवर यानें १८३८ सालीं शिशाच्या तारेनें आणि बॉस्टनच्या हेवर्ड यानें त्याच सुमारास रेशमानें एकेक रुग्ण बरी केली. पण हीं यशें सुटीं सुटीं राहिलीं. पुढच्या दहा रुग्णांत तीं पुन्हां मिळत नसत. अडचणी तीन होत्या. ती जागा डोळ्यांस नीट दिसत नसे. टांका पक्का धरत नसे. आणि जखम भरेपर्यंत मूत्र तिच्यावरून वाहत राही. बहुतेक शस्त्रवैद्य रुग्णास असाध्य म्हणून परत पाठवीत, आणि त्यांस कोणी दोष देत नसे.

जेम्स मेरियन सिम्स याचा जन्म २५ जानेवारी १८१३ रोजीं दक्षिण कॅरोलायनांत झाला. १८३५ सालीं फिलाडेल्फियाच्या जेफर्सन कॉलेजांतून वैद्यकाची पदवी घेऊन त्यानें गांवीं पाटी लावली. पहिले दोन रुग्ण तान्हीं मुलें होतीं, दोन्ही दगावलीं. तेव्हां त्यानें आपली पाटी काढून एका जुन्या विहिरींत टाकून दिली आणि पश्चिमेकडे आलाबामांत निघून गेला. १८४० च्या सुमारास तो माँटगोमेरी या कापसाच्या पेठेंत स्थायिक झाला. तिरळे डोळे, वांकडीं पावलें, फाटलेले ओंठ नीट करण्यांत त्याचा हात चांगला चाले आणि त्यास नांवहि मिळालें. स्त्रियांचे रोग मात्र त्यास मनापासून नकोसे वाटत. असा रुग्ण आला तर तो दुसरीकडे पाठवीत असे, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे.

१८४५ सालच्या उन्हाळ्यांत एका डॉक्टर मित्रानें त्यास गांवाबाहेर मैलभर असलेल्या वेस्टकॉट यांच्या मळ्यावर बोलाविलें. तेथें अनार्का नांवाची सतरा वर्षांची एक दासी तीन दिवस अडून पडली होती. सिम्सनें चिमट्यानें मूल बाहेर काढलें. पांचएक दिवसांनीं पाहतों तो तिच्या शरीराचे पुढचे व मागचे दोन्ही भाग नासून गेलेले. मूत्र आणि मल दोहोंवरचाहि तिचा ताबा गेलेला. हा रोग बरा होण्यासारखा नाहीं, असें त्यानें तिच्या धन्यास सांगितलें. थोड्याच दिवसांत शेजारच्या एका जिल्ह्यांतून बेट्सी आली, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतून अठरा वर्षांची ल्यूसी. सिम्सनें ग्रंथ उलगडले, उपाय सांपडला नाहीं, आणि ल्यूसीला दुसऱ्या दिवशीं परत धाडण्याचें ठरविलें.

इतक्यांत मेरिल नांवाची एक गोरी बाई तट्टावरून पडून कमरेला मार लागल्यामुळें त्यास बोलावणें आलें. गर्भाशय मागें कलंडला असावा असें पाहून, विद्यार्थिदशेंत ऐकलेल्या एका पाठाप्रमाणें त्यानें तिला गुडघे व कोंपरें यांवर ओणवें व्हावयास लावलें. दोन बोटांनीं दाबतांच बाईचा ठणका एकदम थांबला. आणि ती कुशीवर वळली तेव्हां आंत शिरलेली हवा आवाज करीत बाहेर पडली. दुसरा एखादा डॉक्टर बाईचें समाधान करून घरीं गेला असता. सिम्सच्या डोक्यांत मात्र प्रकाश पडला. या आसनांत बाहेरच्या हवेचा दाब आंत शिरून मार्ग फुगवितो. मग त्या वेळीं आंतील भिंत डोळ्यांस दिसली पाहिजे! तो तडक निघाला, वाटेंत एका दुकानांतून कथलाचा चमचा घेतला, दोन विद्यार्थ्यांना हांक मारली, बेट्सीला त्याच आसनांत बसविलें आणि चमच्याचा दांडा वाकवून आंत घातला. पूर्वीं कोणत्याहि मनुष्यानें पाहिलें नव्हतें तें सर्व आपणास दिसलें, असें तो म्हणतो. बढाई थोडी सोडून दिली तरी यांत पुष्कळ तथ्य आहे. पहिली अडचण त्या क्षणीं सुटली. आणि ती ग्रंथांतून सुटलेली नसून एका चाणाक्ष कारागिराच्या नजरेनें सुटलेली आहे, हें कबूल केलें पाहिजे.

यानंतरच्या प्रसंगाकडे वाचकांनीं अधिक लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे, कारण चरित्रकार येथून भरभर पुढें जातात. सिम्सनें आपल्या परसांतील लहानशा रुग्णालयावर मजला चढविला आणि मुलींच्या धन्यांशीं करार केला. मुली प्रयोगासाठीं आपल्याकडे ठेवाव्या. त्यांच्या जिवास धोका होईल असें आपण कांहीं करणार नाहीं. त्यांच्या खाण्याराहण्याचा खर्च आपण सोसूं. धन्यांनीं फक्त त्यांचा कर भरावा व कपडे पुरवावे. हा करार डॉक्टर आणि मालक यांच्यामधील आहे. ज्यांच्या अंगावर शस्त्र चालावयाचें त्या करारांत कोठेंच नाहींत. कायद्याच्या दृष्टीनें त्या असूंहि शकत नव्हत्या, कारण त्या काळच्या आलाबामांत दासी ही मालमत्ता होती. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास बंदी झाल्यामुळें नवे गुलाम मिळण्याची खाण म्हणजे दासीची कूसच, आणि तिच्या पोटीं आलेलें मूल तिच्याच धन्याचें. तेव्हां मोडलेली कूस दुरुस्त व्हावी यांत धन्यास काय गोडी होती तें सांगावयास नको.

डिसेंबर १८४५ मध्यें पहिली शस्त्रक्रिया ल्यूसीवर झाली. गांवांतील दहाबारा डॉक्टर पाहण्यास जमले. ती गुडघ्यांवर ओणवी झाली आणि तासभर तशीच राहिली. भूल नव्हती. टांके पडले, पण मूत्र टिपून घेण्यासाठीं सिम्सनें मूत्राशयांत एक लहान स्पंज ठेवला, आणि हीच घोडचूक ठरली. पांच दिवसांत तिला भयंकर ताप चढला. मूत्रांतील क्षारांनीं स्पंज दगडासारखा होऊन बसला होता, तो ओढून काढावा लागला, आणि त्या वेळच्या तिच्या वेदनांचें वर्णन स्वतः सिम्सनेंच केलें आहे. ती मरणार असेंच सर्वांना वाटलें. बरी होण्यास तिला दोनतीन महिने लागले, आणि भोंक पुरतें बुजलें नाहीं तें नाहींच. पुढें बेट्सीची पाळी आली. तिच्या वेळीं त्यानें स्पंजाऐवजीं नळी वापरली. ताप आला नाहीं, परंतु मोठ्या भोंकाच्या जागीं बारीक छिद्रें राहिलीं. नंतर अनार्का. तिचें दुखणें तिघींत सर्वांत वाईट होतें.

असें चार वर्षें चाललें. या तिघींखेरीज आणखीहि कांहीं दासी तेथें आणून ठेवलेल्या होत्या. त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत. पहिल्या उत्साहांत मदतीला येणारे डॉक्टर अपयश पाहून एकेक करून गळाले. मेहुणा डॉक्टर रश जोन्स यानें घरीं येऊन हा नाद सोडण्याविषयीं कळकळीनें विनविलें. बायकामुलांचें काय होईल तें पाहा, म्हणाला. सिम्सनें ऐकलें नाहीं. पण शस्त्रक्रियेच्या वेळीं रुग्णास धरणारा, पातें ओढून ठेवणारा, स्पंज देणारा माणूस तर हवाच. तेव्हां त्यानें त्या दासींनाच हें काम शिकविलें. एकीवर शस्त्र चाले, बाकीच्या मदत करीत. पुढच्या आठवड्यांत मदत करणारीची पाळी येई. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत विलक्षण गोष्ट ही आहे, आणि चरित्रग्रंथांत ती एखाद्या वाक्यांत उरकलेली असते. त्या काळीं या एका शस्त्रक्रियेविषयीं प्रत्यक्ष ज्ञान असलेलीं माणसें जगांत कितीशीं असतील! त्यांपैकीं पांचसहा माँटगोमेरीच्या एका परसांत होतीं, आणि त्यांतील एकीसहि आपलें नांव लिहितां येऊं नये अशी कायद्यानें तजवीज करून ठेविली होती; कारण गुलामास लिहावाचावयास शिकविणें हा आलाबामांत १८३२ पासून गुन्हा होता.

भुलीच्या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला आहे, आणि त्यांत तारखा नीट पाहाव्या लागतात. ईथरचा जाहीर प्रयोग बॉस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं झाला. क्लोरोफॉर्म १८४७ च्या अखेरीस आलें. ल्यूसीच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देण्याची विद्या माँटगोमेरीस पोंचलेलीच नव्हती, म्हणून त्या दिवसाबद्दल सिम्सला दोष देणें न्यायाचें नाहीं. मात्र पुढचीं अडीच वर्षें ती उपलब्ध असूनहि त्यानें या मुलींसाठीं वापरली नाहीं. १८५७ सालीं न्यूयॉर्कमधील व्याख्यानांत त्यानें याचें कारणहि सांगितलें, तें असें कीं या शस्त्रक्रियेंतील दुःख भुलीची यातायात व धोका पत्करण्याइतकें मोठें नसतें. ल्यूसीच्या यातनांचें वर्णन ज्या लेखणीनें केलें तिच्याच मालकाचें हें मत! अफू मात्र तो शस्त्रक्रियेनंतर देत असे. तिचा मुख्य हेतु आंतडीं बांधून ठेवून जखमेस विसांवा देणें हा होता. वेदना कमी होणें हा त्यांतला ओघानें येणारा फायदा.

शेवटची अडचण टांक्याची होती. रेशमाचा दोरा मूत्रानें भिजतो, फुगतो, त्याच्या वाटेनें पू होतो आणि टांका सुटतो. माँबीलच्या लेव्हर्ट नांवाच्या डॉक्टरानें १८२९ सालींच कुत्र्यांवर प्रयोग करून धातूच्या तारेस शरीर सोसून घेतें असें दाखविलें होतें. सिम्सच्या मनांत ही गोष्ट अंगणांत पडलेल्या बारीक पितळी तारेचा तुकडा पाहून आली असें तो सांगतो. त्यानें गांवांतील स्वान नांवाच्या सोनाराकडून तितकीच बारीक चांदीची तार ओढवून घेतली. गांठ मारण्याची अडचण त्यानें छिद्र पाडलेले शिशाचे छर्रे तारेंत ओंवून व तेथेंच चिमटून सोडविली. ही युक्ति म्हणे रात्रीं अंथरुणांत सुचली. मूत्र बाहेर काढण्यास त्यानें चांदीचीच नागमोडी वळणाची नळी केली. ती आपोआप जागेवर राहत असे. १८४९ च्या उन्हाळ्यांत अनार्कावर तिसावी शस्त्रक्रिया झाली. आठवड्यानें पाहिलें तों नळींतून येणारें मूत्र झऱ्याच्या पाण्यासारखें निर्मळ, जखमेवर सूज नाहीं, टांके जागच्या जागीं. पुढील दोन आठवड्यांत ल्यूसी आणि बेट्सीहि बऱ्या झाल्या, असें आत्मचरित्र सांगतें. जानेवारी १८५२ मध्यें अमेरिकेच्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांत त्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें थोडें थांबावें. हें सर्व आपणास कळतें कशावरून? मुख्यतः सिम्सच्या आत्मचरित्रावरून. आणि तें त्यानें आयुष्याच्या अखेरीस, म्हणजे हकीकतीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनीं लिहिलें, व १८८४ सालीं त्याच्या मृत्यूनंतर छापलें गेलें. त्यांत मुली शस्त्रक्रियेसाठीं आपल्यामागें लकडा लावीत होत्या, आपण नव्हे तर त्यांनींच धीर सोडला नाहीं, असें वर्णन आहे. तें खोटेंच असेल असें म्हणवत नाहीं. रात्रंदिवस मूत्रांत भिजणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला बरें व्हावेंसें वाटणारच. लुइस वॉल हे फिस्टुलाचे आधुनिक शस्त्रवैद्य २००६ सालच्या आपल्या लेखांत नेमक्या याच मुद्यावर सिम्सचा कैवार घेतात. उलट ड्युरेंडा ओजानुगा यांनीं १९९३ सालीं, हॅरिएट वॉशिंग्टन यांनीं २००६ सालीं आणि डिअर्ड्रे कूपर ओवेन्स यांनीं २०१७ सालीं आपापल्या लेखनांत या स्त्रियांच्या दास्याचा प्रश्न पुढें आणला. आम्हांस वॉल यांचें म्हणणें अर्धें पटतें. बरें व्हावेंसें वाटणें ही एक गोष्ट आणि 'आतां पुरे' म्हणण्याची मुभा असणें ही दुसरी. पहिली त्या मुलींपाशीं असावी, दुसरी नव्हती. तेरावी शस्त्रक्रिया फसल्यावर अनार्का चौदावीस नाहीं म्हणाली असती तर काय झालें असतें, याचें उत्तर आत्मचरित्रांत नाहीं. तिनें कधीं 'नाहीं' म्हटलें असल्यास तेंहि त्यांत नाहीं. तिची इच्छा आपणास कळते ती सिम्सच्या इच्छेशीं जुळते तेवढीच.

गंमत अशी कीं सिम्सनें स्वतःच एकदां खरा हिशेब जगापुढें ठेवला होता. ज्या व्याख्यानांत त्यानें भुलीविषयींचें तें मत दिलें, त्याच व्याख्यानांत, या शोधाबद्दल जग कोणा एकाचें सर्वांत अधिक ऋणी असेल तर त्या दुःख सोसणाऱ्या स्त्रियांच्या धैर्याचें आहे, अशा अर्थाचेंहि तो बोलला. ऋणाची कबुली दिली. फेड कोणाची झाली तें पुढें दिसतेंच.

माँटगोमेरींतील हगवणीच्या विकारानें जर्जर होऊन १८५३ सालीं तो न्यूयॉर्कला गेला. दोन वर्षांनीं, मे १८५५ मध्यें, शहरांतील कांहीं थोर स्त्रियांच्या खटपटीनें तेथें तीस खाटांचें स्त्री-रुग्णालय उघडलें. तेथें आलेल्या रुग्णांत आयर्लंडहून पोटासाठीं आलेल्या गरीब बायकांचा भरणा मोठा होता. मेरी स्मिथ नांवाच्या त्यांतील एकीवर किती वेळां शस्त्र चाललें त्याच्या कथा अजून सांगतात. पुढें पॅरिसचा मानमरातब, सम्राज्ञी युजेनीची चिकित्सा, १८७० च्या लढाईंत रुग्णपथक, १८७६ सालीं अमेरिकन वैद्यकसभेचें अध्यक्षपद, हें सर्व चरित्रग्रंथांत विस्तारानें आहे. त्याच्या चुका मात्र तितक्या विस्तारानें नाहींत. तान्ह्या मुलांचा धनुर्वात कवटीचें हाड सरकल्यामुळें होतो अशी त्याची माँटगोमेरींत असल्यापासून ठाम समजूत होती, आणि ती त्यानें गुलामांच्या अर्भकांच्या कवट्यांवर अजमावून पाहिली. खरें कारण नाळेच्या जखमेंतून शिरणारे जंतु, हें पुढें कळलें. त्याचा माँटगोमेरीचा सहकारी नेथन बोझमन यानें तर त्याच्या मूळच्या टांक्याचें यशहि सांगितलें जातें तेवढें नव्हतें असा आरोप केला आणि स्वतःची निराळी पद्धति काढली. या भांडणांत व्यावसायिक मत्सर पुष्कळ होता. तरी खुद्द सिम्सनेंहि पुढें आपली जुनी आडव्या पट्ट्यांची पद्धति सोडून सुटे टांके घालण्यास सुरुवात केली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

शास्त्र म्हणून त्याच्या शोधाचें मोल कमी लेखण्याचें मात्र कारण नाहीं. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील हॉवर्ड केली यानें १८९० नंतरच्या वर्षांत रुग्णास गुडघे व छाती टेकवून, हवेनें फुगलेल्या मूत्राशयांत साध्या नळींतून उजेड टाकून मूत्रवाहिन्यांचीं मुखें डोळ्यांनीं पाहिलीं. मिसेस मेरिलच्या खोलींत जें तत्त्व हातीं लागलें तेंच हें, एक दालन आंत नेलेलें. स्त्रीरोगांची विद्या आणि मूत्ररोगांची विद्या यांचें नातें तेथें पक्कें जडलें. जर्मनींत ट्रेंडेलेनबुर्ग यानें रुग्णाचें डोकें खालीं व कंबर वर असें आसन १८९० सालीं याच रोगासाठीं पुढें मांडलें. १९२८ मध्यें मार्टियुस यानें शेजारचा चरबीचा गोळा वळवून टांक्यावर पांघरण्याची तोड काढली. परंतु युरोप-अमेरिकेंत हा रोग बव्हंशीं नाहींसा झाला तो टांक्यांनीं नव्हे. अडलेल्या बाईला वेळेवर पोट चिरून सोडवितां येऊं लागलें म्हणून.

जेथें तशी सोय नव्हती तेथें तो राहिला. १९५९ सालीं रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅमलिन हें डॉक्टर दांपत्य ऑस्ट्रेलियाहून इथिओपियांत गेलें, आणि डोंगरांतून दिवसचे दिवस चालत येणाऱ्या अशा स्त्रिया पाहून तेथेंच राहिलें. १९७४ सालीं त्यांनीं आदिस अबाबा येथें केवळ याच रोगाचें रुग्णालय काढलें. त्यांच्या रुग्णांत मामितु गाशे नांवाची एक कोवळी, निरक्षर मुलगी होती. बरी झाल्यावर ती तेथेंच राहिली. अंथरुणें घालतां घालतां शस्त्रक्रियेच्या मेजापाशीं मदतीस उभी राहिली, आणि शेवटीं स्वतः शस्त्र चालवूं लागली. पुढें बाहेरून आलेले पदवीधर डॉक्टर तिच्या हाताखालीं ही शस्त्रक्रिया शिकले. मामितुची हकीकत आम्हीं वाचली तेव्हां माँटगोमेरीच्या परसांतील पातें धरून उभ्या असलेल्या त्या मुली पुन्हां डोळ्यांपुढें आल्या. त्यांनीं चार वर्षांत जें पाहिलें व हातांनीं केलें तें कांहीं कमी नव्हतें.

सिम्स १३ नोव्हेंबर १८८३ रोजीं न्यूयॉर्कमध्यें वारला. १८९४ सालीं त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. १९३४ मध्यें तो सेंट्रल पार्कच्या कडेस, वैद्यक अकादमीच्या समोर बसविला गेला. हार्लेममधील कृष्णवर्णीय रहिवाशांच्या अनेक वर्षांच्या तक्रारीनंतर १७ एप्रिल २०१८ रोजीं नगरपालिकेनें तो तेथून उतरविला आणि ज्या ग्रीनवुड दफनभूमींत सिम्सला पुरलें आहे तिकडे रवाना करण्याचें ठरलें. माँटगोमेरींत २०२१ सालीं मिशेल ब्राउडर या स्त्री-शिल्पकारानें मोडीच्या धातूचे तुकडे जोडून अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी यांच्या उंच आकृति उभ्या केल्या. त्या तिघी मूर्तिरूपानें लोकांपुढें अशा उभ्या राहिल्या त्या सिम्सच्या पुतळ्यानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं.

१८४९ नंतर या मुली कोठें गेल्या तें आत्मचरित्र सांगत नाहीं. त्या आपापल्या धन्यांकडे परत गेल्या असतील, आणि १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली तेव्हां जगल्या असल्यास चाळिशीच्या आंतबाहेर असतील. जे. सी. हॉलमन या लेखकानें जुनीं दफ्तरें धुंडाळून अनार्काचा माग काढण्याचा प्रयत्न केला आणि २०२३ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं १८४९ च्या त्या प्रसिद्ध शस्त्रक्रियेनें अनार्का पुरती बरी झालीच नव्हती. १८५६ च्या अखेरीस ती न्यूयॉर्कच्या त्याच स्त्री-रुग्णालयांत पुन्हां दाखल झालेली दिसते, आणि तिचें उरलेलें आयुष्य व्हर्जिनियांत गेलें.